वाचनक्षमता दोनशे साठ टक्के

११ जानेवारी, बुधवार

आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टोलनाक्यावर इलेक्ट्रॉनिक वसुली आणायची आहे. गाड्या न थांबता जाणार आणि टोल आपोआप कापला जाणार. त्यासाठी कोणतं तंत्रज्ञान घ्यायचं हे ठरवायला समिती नेमली आहे आणि तिचा सदस्य-सचिव मी. का मी, असं नम्रपणे विचारलं. साहेब म्हणाले, दुसरं कोणी रिकामं नव्हतं. साहेबांचा विनोद असाच कोरडा असतो.

समितीत तिघं आहोत. अध्यक्ष साहेब, सचिव मी आणि लेखा विभागाच्या बाई. बाई कशाला ते कळलं नाही. तंत्रज्ञानात बेरीज-वजाबाकीचं काय काम?

संध्याकाळी बायकोला सांगितलं. म्हटलं, काही महिने कळ काढ, प्रकल्प पार पडला की मुख्य अभियंत्याची बायको होशील. ती म्हणाली, येताना दूध आणायचं राहिलं ना तुमचं.

संकल्प: रोज एक तास तांत्रिक वाचन. कोणत्याही कंपनीकडून चहासुद्धा घ्यायचा नाही. रोजनिशी न चुकता. पुढेमागे आत्मचरित्र लिहायचं झालं तर कच्चा माल हाताशी हवा.

१२ जानेवारी

तांत्रिक वाचन: दुसऱ्या पानावर झोप लागली. उद्यापासून दोन तास.

१६ जानेवारी, सोमवार

धाकट्याचा फोन. (माझा भाऊ. आमच्याच नाक्यावर तीन नंबरच्या लेनमध्ये, बूथमध्ये बसून टोल घेतो. नाका चालवणाऱ्या कंपनीत ही नोकरी त्याला मीच लावून दिली. म्हणजे जाहिरात मी दाखवली होती.) आई त्याच्याकडेच असते. माझ्या घरात जागा नाही, कारण तीन खोल्यांतली एक अभ्यासिका आहे. आईचं हृदय निम्म्या ताकदीवर चालतं असं डॉक्टर म्हणतात, त्यामुळे महिन्यातून दोनदा दवाखाना. तो धाकट्याच्या कंपनीच्या कार्डावर होतो. माझ्याही खात्याचं कार्ड आहे, पण त्यावर एकाच बाजूचे आईवडील बसतात, आणि ते सासू-सासरे आहेत. फॉर्म भरताना ही शेजारी बसली होती.

धाकटा विचारत होता, दादा, मशीन आलं की आम्ही कुठे जायचं? मला हसूच आलं. म्हटलं, अरे वेड्या, तुझा भाऊ सचिव आहे. मशीन आलं की कंट्रोल रूम येणार, कंट्रोल रूम आली की तिथे माणसं लागणार. तुझी खुर्ची पक्की. एसी, फिरती खुर्ची, धूर नाही, शिव्या नाहीत. तो म्हणाला, नक्की ना दादा? म्हटलं, माझा शब्द आहे.

त्याने लग्न केलं नाही. स्वभाव पहिल्यापासून एकलकोंडा. लोक उगाच आईचं कारण सांगतात.

३० जानेवारी, सोमवार

सादरीकरणं झाली. तीन कंपन्या.

उपग्रहवाले: गाडीत एक डबी बसवायची, मग आकाशातून कळणार की गाडी किती रस्ता चालली. नाका लागतच नाही. मी लगेच कान टवकारले. नाका नाही म्हणजे कंट्रोल रूम नाही, आणि नाका नाही तर नाक्याचा अभियंता तरी कशाला? बाद. इतिवृत्तात 'नागरिकांच्या खासगीपणाचा प्रश्न' असं लिहिलं.

कॅमेरावाले: नंबरप्लेट वाचून टोल कापणार. आवारातच करून दाखवा म्हटलं. कॅमेऱ्याने साहेबांच्या गाडीचा नंबर पालिकेच्या कचरागाडीचा म्हणून वाचला. सगळे हसले, साहेब सोडून. बाद.

टॅगवाले: काचेवर एक छोटं स्टिकर, लेनवर अँटेना. गाडी खालून गेली की टिंग! साहेबांनी आपली गाडी चार वेळा मागेपुढे करायला लावली, फक्त टिंग ऐकायला. त्यांचा प्रतिनिधी सुसंस्कृत वाटला. प्रत्येक वाक्यात दोनदा सर म्हणतो, आणि त्यातलं एक तरी माझ्याकडे बघून.

लेखाबाईंनी त्याला विचारलं, अँटेनाने शेजारच्या लेनमधली गाडी वाचली तर? तो म्हणाला, फार उत्तम प्रश्न आहे मॅडम, आणि पुढची स्लाइड लावली. मलाही असं उत्तर देता आलं पाहिजे.

चहा घेतला. चहा आपल्याच कँटीनचा होता, पैसे फक्त त्यांनी दिले. संकल्प मोडला असं म्हणता येणार नाही.

८ फेब्रुवारी, बुधवार

निविदेतल्या तांत्रिक अटी मी स्वतः लिहिल्या. एकटाकी. अँटेनाचा पल्ला किमान इतका, ताकद किमान इतकी, वाचनं किमान इतकी. सगळीकडे 'किमान' लिहिलंय. 'जास्तीत जास्त इतकं' असं कुठेही नाही. आपण कुणाच्या प्रगतीला मर्यादा का घालावी?

बाई म्हणाल्या, वरची हद्द पण घाला, पल्ला फार लांब गेला तर भलतंच काहीतरी वाचत बसेल. मी म्हटलं, मॅडम, तुमच्या खात्यात खर्चाला हद्द असते, आमच्या खात्यात विज्ञान असतं. साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. माणूस हजरजबाबी असला की काही लोकांच्या पोटात दुखतं.

११ फेब्रुवारी

तांत्रिक वाचन सुरू करायचा विचार आहे. अटी लिहून झाल्यामुळे आता घाई नाही.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटा घरी आला होता. डिझेलच्या धुरामुळे त्याला खोकला आहे. सोफ्यावर बसून खोकत होता तर ही चादर टाकायला धावली.

त्याला शहराबाहेरच्या शीतगृहात सुपरवायझरची नोकरी मिळते आहे. पगार थोडा कमी, पण दवाखान्याचं कार्ड आहे आणि त्यात आई बसते. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचंय. मला विचारायला आला. बरं केलं. मी त्याला नीट समजावलं की शीतगृह म्हणजे काय? थंडी. बटाटे. तिथे कसलं भविष्य? इकडे कंट्रोल रूम. तो म्हणाला, दादा, कंट्रोल रूमचं काही लेखी आलंय का? मला जरा लागलंच. म्हटलं, सख्ख्या भावाकडे लेखी मागतोस? तो ओशाळला. म्हणाला, तसं नाही दादा, आईचं असतं ना, म्हणून.

माझ्यासमोरच त्याने शीतगृहवाल्यांना फोन करून नाही म्हणून सांगितलं. मी स्पीकर लावायला सांगितला होता, नीट बोलतो की नाही ते कळावं म्हणून. तिकडचा माणूस म्हणाला, विचार करा, अशी जागा परत निघणार नाही. व्यापारी लोक असंच बोलतात.

जाताना धाकटा वाकून पाया पडला. एका माणसाचं आयुष्य मार्गी लावलं की जी झोप लागते तिला तोड नाही.

१० मार्च, शुक्रवार

टॅगवाल्यांचं टेंडर मंजूर. अंतिम अहवालाचा मसुदा साहेबांनी वाचला. त्यात मी एक कलम घातलं होतं, की सध्याच्या बूथ-कर्मचाऱ्यांना नव्या व्यवस्थेत सामावून घ्यावं. साहेबांनी त्यावर पेन्सिल आपटली. म्हणाले, हे कोणी सांगितलं? खर्च वाढतो याने. काढा.

मी ठामपणे माझी बाजू मांडणार होतो. पण साहेबांना फोन आला, आणि फोन झाल्यावर ते जेवायला उठले. मग काढलं. तसंही ते कलम न लिहिताच त्यात अभिप्रेत आहे. चांगल्या अहवालात सगळं लिहावं लागत नाही.

कलम काढल्यामुळे अहवाल बरोब्बर एका फाइलमध्ये बसला. दिसायला फार देखणा झाला आहे.

२९ मार्च, बुधवार

चाचणी! माझ्या कारकिर्दीतला सर्वोच्च दिवस. तपशिलात लिहितो.

चाचणीला गाड्या खात्याच्याच घेतल्या. लोकांच्या गाड्या घ्यायच्या म्हणजे परवानग्या आल्या, वाद आले. आपल्या पन्नास गाड्या तशाही झाडाखाली उभ्याच असतात. बाई म्हणाल्या, पण खात्याच्या गाड्यांना टोल माफ आहे, म्हणजे पैसे कापले जातात का नीट, याची चाचणी होणारच नाही. मी म्हटलं, उत्तम प्रश्न आहे मॅडम. आणि पुढे गेलो. जमतंय मला.

साहेबांसाठी तीन नंबरच्या बूथशेजारी खुर्ची टाकली होती. पहिली गाडी आली. टिंग, टिंग, टिंग! एकदा नाही, तीनदा. यंत्राचा उत्साह बघून मी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनी वाजवल्या. पण प्रत्येक गाडीमागोमाग एक कर्कश भोंगाही वाजत होता. टॅगवाला म्हणाला, सर, ती सूचना आहे. कसली, ते विचारायचं राहिलं, कारण साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते आणि माझ्याकडे बघत होते.

भोंग्याचा स्विच तीन नंबरच्या बूथमध्ये, म्हणजे धाकट्याच्या हाताशी. मी खिडकीत वाकून म्हटलं, बंद कर ते. तो म्हणाला, दादा, हा बंद करायचा नाही असं सांगितलंय आम्हाला. मी म्हटलं, इथे सचिव कोण आहे? त्याने बंद केला. धाकट्यात हा एक गुण आहे. सांगितलं की ऐकतो.

निकाल: पन्नास गाड्या गेल्या, एकशे तीस वाचनं झाली. वाचनक्षमता दोनशे साठ टक्के!! परदेशातल्या यंत्रणा अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवपर्यंत येऊन अडकल्या आहेत असं टॅगवालाच सांगत होता. आकडा ऐकल्यावर त्याने आधी अँटेनाकडे बघितलं आणि मग म्हणाला, अभिनंदन सर.

बाईंनी तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, शंभराच्या वर कसं काय जाईल? पन्नास गाड्यांची पन्नासच वाचनं व्हायला हवीत. मी शांतपणे म्हटलं, अपेक्षेपेक्षा जास्त काम केलेलं तुमच्या खात्यात बघायची सवय नसेल. साहेब खूश. बाई म्हणाल्या, मी माझी असहमती लेखी देणार.

३ एप्रिल

बाईंची असहमती आली. परिशिष्टात लावली. परिशिष्ट फार जाड दिसायला लागलं म्हणून काढली.

१७ एप्रिल, सोमवार

टॅगवाल्याला कंट्रोल रूमबद्दल विचारलं. किती माणसं, कधी भरती? तो म्हणाला, सर, कंट्रोल रूम आमच्या मुख्यालयात असते, दुसऱ्या शहरात. तिथूनच सगळे नाके दिसतात. दोन माणसं आहेत, पुरतात. मी म्हटलं, पण एखादी खुर्ची? तो म्हणाला, उत्तम प्रश्न आहे सर.

धाकट्याला हे आत्ताच सांगून उगाच घाबरवण्यात अर्थ नाही. आईचं हृदय नाजूक आहे.

१५ मे, सोमवार

नोटिसा निघाल्या. बूथवरचे सगळे एक जूनपासून कमी. कंपनीने मन मोठं केलंय, दवाखान्याची कार्डं आणखी तीन महिने चालू ठेवणार. शिवाय रोखीची एक लेन राहील, तिथे जुन्यांपैकी काहींना रोजंदारीवर घेणार. त्या यादीत धाकट्याचं नाव आहे. मी काही न करताच आलं. माझ्या नावाचा दबदबा.

धाकट्याचा फोन. आवाज बसलेला. म्हणाला, दादा, कंट्रोल रूम? मी म्हटलं, टप्प्याटप्प्याने होतं रे हे. त्याने शीतगृहात परत विचारून पाहिलं होतं. जागा भरली. मी म्हटलं, बघ, म्हणजे ती जागा टिकाऊ नव्हतीच. मागून आईचा आवाज येत होता, कोण आहे रे, मोठा का? तिला द्यायला सांगणार होतो, पण मीटिंग होती.

१ जून, गुरुवार

उद्घाटन. नवा शर्ट. साहेबांनी फीत कापली, छायाचित्रात माझा डावा खांदा आला आहे.

पहिला अर्धा तास उत्तम. मग थोड्या किरकोळ गोष्टी घडल्या. आपली अँटेना पूर्ण ताकदीची असल्यामुळे एक गाडी तीन लेनमध्ये वाचली जाते. चाचणीच्या वेळी गाड्या माफीच्या होत्या, आज माफीच्या नव्हत्या. त्यामुळे प्रत्येकाचा टोल तीनदा कापला गेला. ट्रकवाले खाली उतरले. एका ट्रकवाल्याने माझ्या आईबद्दल काही म्हटलं, ते मी मनावर घेतलं नाही.

एक अंत्ययात्रा चालली होती. शववाहिनीला माफी आहे, पण मागच्या नातेवाइकांच्या गाड्यांना तीन-तीनदा लागला. ती माणसं आधीच रडून दमलेली असल्यामुळे फारशी भांडली नाहीत. अशा समंजस नागरिकांची गरज आहे.

नाक्याच्या पलीकडे चहाची टपरी आहे. तिथे एक गृहस्थ गाडी लावून चहा घेत होते. त्यांच्या फोनवर मेसेजमागून मेसेज. चहा संपेपर्यंत त्यांचं खातं रिकामं झालं. नाका त्यांनी ओलांडलाच नव्हता. तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर इतक्या लांबून टॅग वाचणं ही कामगिरीच आहे, पण ते समजून घेण्याच्या मनःस्थितीत गृहस्थ नव्हते. शर्टाचा खिसा फाटला.

संकल्प: उद्या जुना शर्ट.

२ जून

दगडफेक. दोन अँटेना पडल्या. वाचनक्षमता एकशे साठवर आली. म्हणजे सुधारणा होते आहे असं साहेबांना कळवलं. साहेबांनी फोन ठेवला.

६ जून, मंगळवार

जबाबदारी निश्चित करण्यासाठी बैठक. वरून विचारणा आली आहे.

साहेबांची मांडणी अत्यंत तर्कशुद्ध. म्हणाले, यंत्र चुकीचं असू शकत नाही, कारण ते समितीने निवडलंय. समिती चुकू शकत नाही, कारण अध्यक्ष मी आहे. म्हणजे चुकलं ते माणूस. मग माझ्याकडे वळून म्हणाले, तुम्ही तर माणूसच आहात ना? मला घाम फुटला. खोलीतला पंखा बंद होता हे कारण.

एवढ्यात टॅगवाला बोलला. म्हणाला, सर, एक टॅग दोन ठिकाणी वाचला गेला की आमचा भोंगा वाजतो. चाचणीच्या दिवशी तो वाजला, पण कोणीतरी बंद केला. नाहीतर दोष तेव्हाच सापडला असता. साहेबांनी टेबलावर हात मारला. कोणी बंद केला?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बंद करायला कोणी सांगितलं असं विचारलं असतं तर मी एका क्षणात खरं सांगितलं असतं. पण प्रश्न होता, बंद कोणी केला. विचारलेल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर द्यायचं ही माझी पहिल्यापासूनची शिस्त. म्हटलं, तीन नंबरच्या ऑपरेटरने.

बाई म्हणाल्या, तो यांचा भाऊ आहे. आणि हे त्या वेळी खिडकीत वाकून काहीतरी बोलत होते, मी पाहिलंय. साहेबांनी मला विचारलं, काय बोलत होता? मी म्हटलं, आईची तब्येत विचारत होतो. आणि खरं तर विचारायला हवीच होती, त्यामुळे हे अगदीच खोटं नाही.

जबाब टाइप होऊन आला: ऑपरेटरने वरिष्ठांच्या परवानगीशिवाय परस्पर भोंगा बंद केला. सही केली. सही करताना मी पूर्ण विचार केला होता. धाकट्याची नोकरी आधीच गेलेली आहे. गेलेली नोकरी परत जात नाही. म्हणजे या सहीने कोणाचंच नुकसान नाही, आणि माझी वाचते. घरातला एक तरी माणूस नोकरीत राहायला हवा, आईच्याच दृष्टीने.

सख्ख्या भावाविरुद्ध सही करायला धैर्य लागतं. साहेबांनी पाठ थोपटली.

१४ जून, बुधवार

कंपनीने धाकट्याचं रोजंदारीचं नाव काढलं. बेजबाबदार वर्तनामुळे कार्डही ताबडतोब बंद. हे कंपनीने मला आधी सांगायला हवं होतं. मी सही केली त्यात कार्डाचा कुठे उल्लेखही नव्हता.

दुपारी धाकट्याचा फोन. दवाखान्यातून बोलत होता. आईला दम लागला म्हणून नेलं, काउंटरवर कार्ड चालेना. रोख भरा नाहीतर मोठ्या सरकारी इस्पितळात न्या म्हणाले. आई बाकड्यावर बसली होती. मी म्हटलं, मग सरकारी इस्पितळात ने ना, तिथेही डॉक्टरच असतात. तो म्हणाला, दादा, एकच विचारतो. सही तू केलीस का?

मी त्याला समजावून सांगायला सुरुवात केली की हा तांत्रिक स्वरूपाचा अहवाल असतो, त्यात व्यक्ती नसते, पद असतं. तीन नंबरचा ऑपरेटर हे एक पद आहे. बराच वेळ बोललो. मग लक्षात आलं की फोन कधीच बंद झाला होता.

संध्याकाळी हिला विचारलं, आईला आपल्या कार्डावर घ्यायचं का? ही म्हणाली, बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन या महिन्यात आहे, तुम्हाला माहीत आहे. मुद्दा बिनतोड होता. पुढच्या वर्षी फॉर्म पुन्हा भरता येतो. आईला तसं कळवायचं ठरवलं आहे. तिला बरं वाटेल.

१८ जून, रविवार

आज आईला भेटायला जाणार होतो. पण अवघडलेपण येऊ नये म्हणून त्यांना थोडा वेळ द्यावा असं ठरवलं. दुपारी झोपलो.

२२ जून, गुरुवार

बदल्यांचे आदेश निघाले. मुख्य अभियंत्याची जागा बाहेरून भरणार. टोल प्रकल्पाच्या प्रमुखपदी लेखाबाई! त्यांची असहमती परिशिष्टात नव्हती, पण त्यांनी तिची एक प्रत थेट वर पाठवली होती. माणसाने इतकं संशयी असू नये.

माझी बदली नाक्यावर. परतावा खिडकी. ज्यांचा टोल तीनदा कापला गेला त्यांचे अर्ज घ्यायचे. साहेबांना विचारलं, ही पदावनती का? साहेब म्हणाले, तुमच्यासाठी दुसरं काही रिकामं नव्हतं. लोकांशी थेट संपर्क असलेलं, मोक्याचं काम आहे.

२६ जून, सोमवार

परतावा खिडकी. रांग महामार्गापर्यंत. खिडकीला काच नाही. काच मागितली आहे. धूर फार येतो, खोकला लागला.

एक म्हातारे गृहस्थ काही न बोलता माझ्याकडे नुसते बघत उभे राहिले, मग अर्ज न देताच निघून गेले. शिव्या देणारे परवडले.

२ जुलै, रविवार

आज धाकट्याकडे गेलो. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून सफरचंदं घेतली. वाटेत नीट शब्द जुळवून ठेवले होते. माफीबिफी नाही, पण गैरसमज झाला असेल तर तो दूर करावा, मोठ्याने दोन पावलं पुढे यावं, असं काहीसं.

खोलीला कुलूप. शेजारच्या बाई बाहेर आल्या. म्हणाल्या, खोली सोडली त्यांनी, आठवडा झाला. आजींना चालवत नव्हतं, मुलाने उचलूनच टेम्पोत बसवलं. भांडी, पलंग सगळं इथेच विकून गेले. कुठे गेले ते विचारलं. बाई म्हणाल्या, सांगितलं नाही. मी म्हटलं, असं कसं, आजारी म्हातारं माणूस, मागे कोणी विचारायला आलं तर? पत्ता तरी ठेवला असेल. त्या म्हणाल्या, मी पण हेच म्हटलं होतं. तर आजी म्हणाल्या, कोणी येणार नाही.

तिथूनच धाकट्याला फोन लावला. लागत नाही. नंबर बदलला असेल, नव्या ठिकाणी स्वस्त पडत असेल.

मग बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, आपण कोण? मी म्हटलं, मी त्यांचा मोठा मुलगा. त्या म्हणाल्या, कसं शक्य आहे? आजींना एकच मुलगा. मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होते आहे. त्यांना राग आला. म्हणाल्या, सहा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आम्ही. रोज दुपारी इथे पायरीवर बसायच्या माझ्याशी बोलत. जाताना पण टेम्पोतून म्हणाल्या, एकच मुलगा दिला देवाने, पण सोन्यासारखा दिला.

सफरचंदं बाईंना दिली. त्या घेत नव्हत्या, पायरीवर ठेवून आलो.

आईचं आता वय झालं. विसरत असेल.